मासे-मटणाच्या घरातून व्हीगन व्हायचंय? मुंबईत राहून कसं जमवायचं ते सांगते

आम्ही भांडुपला राहतो, गाव कुडाळजवळ. म्हणजे बुधवार-शुक्रवार-रविवार तव्यावर काहीतरी चरचरणारच, हे वेगळं सांगायला नको. मी वयाच्या तेहतिसाव्या वर्षापर्यंत सगळं खाल्लंय, तिसऱ्या, कुर्ल्या, कोंबडी-वडे, पाया सूप, आणि अगदी आवडीने खाल्लंय. आता सहा वर्षं झाली, मासे-मटण-अंडी बंद आणि दूध-दही-तूपही बंद. त्यामुळे ज्यांना मासळीचा नुसता वास आला तरी नको वाटतं त्यांच्यासाठी हे लिहीत नाहीये, ज्यांच्या तोंडाला पाणी सुटतं पण मनात कुठेतरी टोचत असतं त्यांच्यासाठी लिहितेय.

माझ्या बाबतीत ते टोचणं एका रविवारी सकाळी सुरू झालं. गल्लीच्या तोंडाशी चिकनचं दुकान आहे, लाइनीत उभी होते. माझा नंबर आला तसा दुकानदाराने पिंजऱ्यात हात घालून एक कोंबडी काढली, पंख धरून काट्यावर ठेवली. ती उडाली नाही, पळाली नाही, नुसती बसून राहिली, चोच अर्धवट उघडी. मग मान कापून तिला निळ्या ड्रममधे टाकलं आणि ड्रममधून धडधड धडधड आवाज यायला लागला. मी तेव्हा मोबाईलवर पेमेंट करत होते. पेमेंट झाल्याचा आवाज आला आणि तेवढ्यात ड्रम शांत झाला. पिशवी घेऊन घरी आले, रस्सा केला, सगळे जेवले, मीही जेवले. पण तो ड्रम डोक्यातून गेला नाही तो नाहीच गेला.

सुरुवातीच्या काळात मी बऱ्याच चुका केल्या, पैसे वाया घालवले, एकदा आजारीही पडले. तुम्हाला तो त्रास नको म्हणून क्रमाने सांगते.

आधी हे जमवून ठेवा

- ब्लड टेस्टचा ताजा रिपोर्ट: सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), बी१२, व्हिटॅमिन डी, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा). सुरुवात करायच्या आधी काढा, म्हणजे नंतर तुलना करता येते
- चांगला मिक्सर, कुकर, आणि दूध गाळायला एक सुती फडकं
- कोकम, तिरफळ, सुकं खोबरं, घरचा मालवणी किंवा जो काही तुमच्या घरचा मसाला असेल तो
- काळे वाटाणे, वाल, मसूर, चवळी, हरभरे, शेंगदाणे, सोया चंक्स
- नाचणीचं पीठ, तीळ, जवस

महागड्या दुकानातून काहीही आणायची गरज नाही. मी पहिल्याच महिन्यात फ्रोजन नगेट्स, इंपोर्टेड चीज वगैरेवर जवळपास चार हजार रुपये घालवले, त्यातलं निम्मं कोणी खाल्लंच नाही.

१. आठवड्याचा हिशोब मांडा

कॅलेंडर घ्या आणि महिनाभर नॉनव्हेजच्या दिवसांवर खुणा करा. आपल्याकडे सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, वर संकष्टी आणि एकादशी. म्हणजे बऱ्याच मराठी घरांत महिन्याचे बारा-तेरा दिवसच खरं नॉनव्हेज असतं, उरलेल्या दिवसांत तुम्ही न मरता, न रडता, पोटभर जेवताच आहात. शिवाय श्रावण आला की कित्येक घरं गणपती विसर्जनापर्यंत सलग बंद ठेवतात. आपल्याला जमेल की नाही हा प्रश्न आपल्या आज्यांनी कधीच सोडवून ठेवलाय.

म्हणून माझा सल्ला, श्रावणातच सुरू करा. घरातले सगळेच बंद असतात, वेगळा स्वयंपाक नाही, वाद नाही, कोणी विचारतही नाही. मी गटारी झाल्यावर दुसऱ्या दिवशी सुरू केलं आणि विसर्जनानंतर चिकन-मटण परत चालू केलं नाही, एवढंच. श्रावणाला वेळ असेल तर तीन दिवसांतला एक दिवस कमी करा, बुधवारचा करा, रविवारचा सगळ्यात शेवटी. रविवारी पहिल्यांदा हात घातलात तर घरात भांडणं होतील.

२. मटणापासून नाही, चिकन आणि अंड्यापासून सोडा

इथे जवळपास सगळे उलटं करतात. डॉक्टर सांगतात रेड मीट कमी करा, म्हणून माणूस मटण सोडतो आणि चिकन-अंडी डबल करतो. तब्येतीचं काय ते डॉक्टर बघतील, पण जनावरांच्या बाजूने बघितलं तर हा सौदा फार वाईट आहे.

हिशोब करून बघा. चार माणसांचं घर, आठवड्याला एक किलो. मटण असेल तर वर्षाचं झालं ५२ किलो, एका बोकडाचं साधारण १०-१२ किलो मटण निघतं, म्हणजे चार-पाच बोकड. तेच चिकन असेल तर एका ब्रॉयलरचं सव्वा-दीड किलो निघतं, म्हणजे वर्षाला ३५-४० कोंबड्या. आणि त्या जगतात कशा? ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत, म्हणजे ३५ ते ४२ दिवसांत दोन किलोची केली जाते. गावाला आजीकडची कोंबडी पाच-सहा वर्षं अंगणात फिरते हे तुम्ही पाहिलं असेल, ही तर वयाने पिल्लूच असते, पण अंगाने इतकी फुगवलेली की पायांना वजन पेलत नाही. त्या दिवशी काट्यावर ती का हलली नाही ते मला नंतर कळलं.

अंड्याचं लोकांना पटकन पटत नाही, 'त्यात जीव कुठे असतो' म्हणतात. अंड्यात नसेलही, पण अंडी देणारी कोंबडी जिवंत असते ना. बहुतेक अंडी पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची, एकीच्या वाट्याला ए-फोर कागदापेक्षाही कमी जागा, पंख पसरणं सोडा, नीट वळताही येत नाही. वर्षाला ३०० च्या आसपास अंडी, आणि दीडेक वर्षाने अंडी कमी झाली की तीही कापायलाच जाते. आणि या जातीची नर पिल्लं, जी अंडीही देत नाहीत आणि ब्रॉयलरसारखी भरतही नाहीत, ती बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी मारून टाकतात. मला हे कळल्यावर ऑम्लेट-पाव सोडायला एक आठवडासुद्धा लागला नाही.

ऑम्लेटच्या जागी बेसनाचा पोळा करा, कांदा-टोमॅटो-मिरची-कोथिंबीर आणि वर चिमूटभर काळं मीठ. काळ्या मिठाला अंड्यासारखा वास असतो, बेसनात तो छान लागतो. भुर्जी हवी असेल तर टोफू कुस्करून.

३. जिभेला नक्की काय हवंय ते ओळखा

मला तीन-चार महिन्यांनी जाणवलं की ज्याची आठवण येते ते मटण नाहीच, ते वाटण आहे. खोबरं आणि कांदा काळपट होईपर्यंत भाजलेला, त्यात धणे, बडीशेप, लवंग, मिरी, दगडफूल, पाट्यावर नाहीतर मिक्सरमधे गंधासारखं वाटलेलं, वर तेलाचा तवंग. मटण नुसतं उकडून मीठ घालून दिलं तर आपल्यापैकी कोण खाईल? म्हणून वाटणात तडजोड करू नका. लोक व्हेज करताना मसाला अर्धा टाकतात, मग म्हणतात मजा नाही आली.

त्या वाटणात काय घालायचं? काळे वाटाणे, याला तोड नाही. काळ्या वाटाण्याचं सांबार आणि वडे आपल्या देवळांच्या उत्सवात होतातच. मार्च ते मे कोवळ्या फणसाची कुयरी, मोठ्या फोडी करून. मशरूम, पण ते पाणी सोडतात म्हणून मोठ्या आचेवर वेगळे परतून मग रश्श्यात टाका. ओले काजू मिळाले तर विचारूच नका. पावसाच्या तोंडावर दादरच्या मार्केटात आणि वसई-विरारकडच्या बायकांकडे शेवळं ही रानभाजी येते, ती लोक कोलंबी किंवा खिमा घालून करतात, आम्ही आता वालाचं बिरडं घालून करतो. काकडं (आंबट रानफळं) घालायला मात्र विसरू नका, नाहीतर घसा खाजतो.

सोया चंक्सबद्दल एक सांगायलाच हवं, कारण बहुतेकांचं मन तिथेच उडतं. गरम पाण्यात मीठ घालून भिजवायचे, पिळायचे, थंड पाण्यात धुवायचे, परत घट्ट पिळायचे. दोनदा. न पिळता टाकले तर उग्र वास राहतो आणि मसाला आत शिरत नाही. पिळून झाल्यावर आलं-लसूण, हळद, मसाला, लिंबू लावून अर्धा तास ठेवा, थोडं तेलात परता, मग रस्सा. १०० ग्रॅम सुक्या चंक्समधे ५० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, त्यामुळे 'प्रोटीन कुठून आणणार' म्हणणाऱ्या जिमवाल्या भावालाही वाढा. शेंगदाण्यात २५ च्या आसपास, डाळी-कडधान्यांत २० ते २४.

एक सापळा: एकदम कडधान्यं वाढवली की पोट फुगतं आणि लोक म्हणतात आपल्याला सूट होत नाही. भिजवा, मोड आणा, हिंग-आलं घाला, पाणी बदला, आणि हळूहळू वाढवा. दोन-तीन आठवड्यांत पोटाला सवय होते.

४. मासे (हे सगळ्यात अवघड, म्हणून घाई करू नका)

मला मटण सोडायला दोन महिने लागले, मासे सोडायला दहा. बांगड्याच्या तिखल्याची आठवण आली की डोळ्यांत पाणी यायचं, खरंच सांगते. मग हळूहळू कळलं की त्या तिखल्यात अर्धी जादू तिरफळाची आणि कोकमाची आहे. तेच तिखलं कच्च्या केळ्याचं किंवा वांग्याचं करा, तिरफळं ठेचून शेवटी टाका, भात आणि हे. तळलेल्या तुकडीच्या जागी सुरणाचे, निरफणसाचे, कच्च्या केळ्याचे काप, कोकमाचं आगळ-हळद-मसाला लावून रवा-तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर कमी तेलात कुरकुरीत. सोबत सोलकढी, जी नारळाच्या दुधाची असल्यामुळे आधीपासूनच व्हीगन आहे.

सुकट-जवळ्याची चटणी ज्यांना लागतेच त्यांनी एकदा मुठीत जवळा घेऊन मोजायचा प्रयत्न करा. एका मुठीत शेकडो जीव असतात. मी मोजायला बसले आणि मधेच सोडून दिलं. त्या जागी कारळाची किंवा जवसाची चटणी, कच्चा कांदा आणि भाकरी.

माशाला काय कळतंय असं आपण लहानपणापासून ऐकतो. पाण्याबाहेर तो गुदमरतो, तडफडतो, वेळ लागतो मरायला, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, फक्त त्याला तडफड म्हणायची सवय नाही. मी एकदा पहाटे ससून डॉकला गेले होते, १८७५ सालापासूनचा धक्का तो. कोलंबी निवडायला बसलेल्या बायकांच्या बाजूला बारीक मासळीचा मोठा ढीग, बोटभरसुद्धा नाहीत अशी पिल्लं. जाळ्यात येतात म्हणून येतात, कोणी खात नाही, खताला नाहीतर कोंबडीखाद्याला जातात. पापलेट २०२३ मधे महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, तो का, तर त्याची पिल्लं वाढायच्या आत पकडली जातायत आणि मोठं पापलेट मिळेनासं झालंय म्हणून. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, पण उरलेल्या दहा महिन्यांत ट्रॉलर समुद्र खरवडून काढतात.

आमच्या दारावर येणाऱ्या कोळीणमावशी माझ्या आईच्या वेळेपासूनच्या. मासे घेणं थांबवलं तेव्हा त्यांना टाळायला लागले होते, तोंड कसं दाखवायचं कळेना. मग एक दिवस सरळ बसवलं, चहा दिला, सांगितलं. त्या म्हणाल्या, 'बाय, पापलेट आता हाताच्या पंज्याएवढं येतं, पूर्वी ताटात मावत नव्हतं, तू नको खाऊस तर नको, पण चहा चालू ठेव.' अजून येतात. माझं त्यांच्याशी काही वैर नाही, तुमचंही असायचं कारण नाही.

५. दूध

इथे शाकाहारी लोकसुद्धा थबकतात, आणि इथेच मी सगळ्यात जास्त टाळाटाळ केली. मासे-मटण सुटल्यावर वर्षभर मी पनीर-चीज-दही यांवरच जगले, हा दुसरा मोठा सापळा.

मग गोरेगावच्या बाजूला एका तबेल्यात कामानिमित्त जाणं झालं. म्हशी ओळीने बांधलेल्या, दूध काढायची वेळ. लांब कोपऱ्यात एक रेडकू, आठ-दहा दिवसांचं असेल, दोरी इतकी आखूड की खाली बसायलाही धड जमेना, ते दोरीच चाटत होतं. ओळीतली एक म्हैस सारखी मान वळवून तिकडे बघून हंबरत होती. मी विचारलं याला पाजत नाही का, तर म्हणाले नर आहे, त्याला पाजून काय करायचं. गडी काही दुष्ट नव्हता, तो त्याचा धंद्याचा हिशोब सांगत होता. दूध यायला म्हैस व्यायला हवी, व्यायली की निम्म्या वेळा नर होणार, आणि नराचं दूध निघत नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय-बैल कापायला पूर्ण बंदी आहे, पण म्हशी-रेड्यांना ती लागू नाही, आणि मुंबईच्या चहात म्हशीचं दूध किती असतं ते आपल्याला माहीत आहे. दुधाचा आणि कसाईखान्याचा संबंध नाही असं मी तोवर समजत होते.

आता काम कसं करायचं ते.

चहा: पहिल्यांदा सोया मिल्क टाकलं आणि चहा फाटला, आईने कप तसाच बेसिनमधे ओतला. सोया मिल्क उकळत्या कडक चहात टाकलं की फाटतंच. चहा आधी पूर्ण उकळून घ्या, गॅस बंद करा, एक मिनिट थांबा, दूध वेगळं कोमट करून मग ओता आणि परत उकळू नका. ओट मिल्क फाटत नाही पण पातळ लागतं. काजूचं दूध सगळ्यात दाट. काही दिवस कोरा चहा, लिंबू-गवती चहा प्यायलात तर मग दुधाची आठवण कमी होते.

दही: एक वाटी शेंगदाणे रात्रभर भिजवा, सालं काढा, तीन वाट्या पाण्यात बारीक वाटा, फडक्याने गाळा, मंद आचेवर ढवळत उकळा. कोमट झालं की त्यात पाच-सहा हिरव्या मिरच्यांची देठं टाकून झाकून ठेवा. मुंबईच्या उकाड्यात आठ-दहा तासांत लागतं. पहिलं विरजण जरा फिकं लागतं, त्याच्यातलंच चमचाभर घेऊन दुसरं लावा, ते छान येतं. कढी, कोशिंबीर, ताक सगळं होतं. गाळून उरलेला चोथा थालीपिठात घाला.

पाकिटातलं प्लांट मिल्क पिशवीच्या दुधाच्या दुप्पट-तिप्पट महाग पडतं, म्हणून घरी करायची सवय लावाच. गोडासाठी नारळाचं दूध आहेच. रस-शिरवळ्या, पातोळ्या, खांडवी, गुळाची चिक्की, यांत मुळातच जनावराचं दूध लागत नाही, तूपही टाळता येतं. कोकणात पुरणपोळीसुद्धा नारळाच्या रसाबरोबर खातात.

कॅल्शियमचं टेन्शन घेऊ नका पण दुर्लक्षही करू नका. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. रोज एक नाचणीची भाकरी किंवा आंबील, तिळाची चटणी, शेवग्याचा पाला.

६. बी१२ ची गोळी, यात वाद नको

हे मी केलं नाही आणि भोगलं. कोणीतरी सांगितलं होतं की शुद्ध आहार घेतला की सगळं मिळतं. दीड वर्षाने हातापायाला मुंग्या, सतत थकवा, शब्द विसरायला लागले. बी१२ दीडशेच्याही खाली आलं होतं, इंजेक्शनं घ्यावी लागली. व्हीगन जेवणातून बी१२ भरवशाने मिळत नाही, ते बॅक्टेरिया तयार करतात, गोळीतलंही तसंच बनवलेलं असतं, त्यामुळे ती घेण्यात काही कमीपणा नाही. डोस डॉक्टरकडून रिपोर्ट दाखवून ठरवा आणि वर्षातून एकदा परत टेस्ट करा. बऱ्याच कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचं असतं, म्हणून गोळी मागा. व्हिटॅमिन डी३ बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीपासून काढलेलं असतं, व्हीगन लिहिलेलं मिळतं.

लोहासाठी डाळी, कडधान्यं, अळीव, पालेभाज्या, आणि वर लिंबू पिळा. जेवणानंतर लगेच चहा घेऊ नका, तासभर जाऊ द्या. मीठ आयोडीनवालं, नुसतं सैंधव नको. गरोदर बायका, लहान मुलं, शुगर किंवा किडनीचा त्रास असलेले, यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय काहीच बदलू नका.

७. पाकीट वाचायला शिका

हिरवा ठिपका म्हणजे व्हेज, व्हीगन नव्हे. त्यात दूध चालतं, मधही चालतो. बिस्किटं, चिप्स, ब्रेड, मसाला नूडल्स, डार्क चॉकलेट, बऱ्याच पाकिटांत मिल्क सॉलिड्स किंवा व्हे पावडर लपलेली असते. सगळी यादी वाचत बसू नका, आधी खाली ठळक अक्षरात 'कंटेन्स' म्हणून अ‍ॅलर्जीची ओळ असते ती बघा, तिथे मिल्क दिसलं की ठेवून द्या. कोचिनीलचा लाल रंग, पाकिटावर आयएनएस १२० या नंबरने लिहिलेला, किड्यांपासून येतो. ९०४ म्हणजे शेलॅक, लाखेच्या किड्याचं. एफएसएसएआयने (सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) २०२२ मधे व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम केले, हिरव्या चौकोनात व्ही आणि त्याला पान असा लोगो आहे, तो दिसला की निर्धास्त घ्या.

८. बाहेर खाताना

मुंबईसारखं सोपं शहर नाही. वडापाव, समोसा पाव, भेळ, शेवपुरी, पाणीपुरी, रगडा पॅटिस, मिसळ (दही नको म्हणा), भाजलेलं कणीस, बर्फाचा गोळा, उसाचा रस, शहाळं. ब्रून पाव घ्या, पण बेकरीवाल्याला विचारून, कोणी कोणी पावाला वरून बटर लावतात. सँडविचवाल्याला 'बटर-चीज नको, चटणी डबल' सांगा.

उडप्याकडे इडली-वडा-सांबार चालतं, डोशाला 'तेल लावा, बटर-तूप नको' हे ऑर्डर देतानाच सांगा, डोसा आल्यावर नाही. रवा डोशात कधी ताक असतं. पंजाबी हॉटेलात अवघड, ग्रेव्हीत क्रीम, नानमधे दही, डाळीला बटरची फोडणी, म्हणून तंदुरी रोटी कोरी आणि चना मसाला तेलात. चायनीजमधे नूडल्स अंड्याच्या आहेत का विचारा. फ्रँकीच्या रोटीला अंडं फासतात, बिनअंड्याची मागा. वेटरला 'व्हीगन' शब्द सांगून उपयोग नसतो, 'दूध, दही, तूप, बटर, पनीर, अंडं काहीच नको, अ‍ॅलर्जी आहे' असं खोटं कशाला सांगायचं, हीच नावं घेऊन 'मी खात नाही' एवढंच हसून सांगा. लोक समजून घेतात.

९. घरचे, गाव, आणि आपली भाषा

नवरा माझा अजून मासे खातो. मी करून देत नाही, तो स्वतः करतो, आणि त्यामुळे महिन्यातून दोनदाच होतात. आईने तीन वर्षं मला टोमणे मारले, मग एक दिवस स्वतःच म्हणाली, अंडी नको आणूस आता. मी तिला एकदाही व्हिडिओ दाखवला नव्हता, फक्त तो ड्रमचा प्रसंग सांगितला होता.

जेवताना कोणाच्या ताटाकडे बघून बोलू नका. समोरच्याच्या तोंडात घास असताना कत्तलीचं वर्णन केलंत तर तो जन्मभर तुमचं ऐकणार नाही. स्वतः चांगलं रांधून डबा पुढे करा.

गावाला राखणदार देवाला राखण द्यायची असते, कोंबड्याचा बळी. मी घरच्यांशी भांडले नाही, मोठ्या काकांकडे जाऊन बसले आणि विचारलं की नारळ-कोहळ्यावर भागतं का. कोहळा फोडायची पद्धत आपल्यात जुनीच आहे. काकांनी दोन वर्षं विचार केला, मग गुरवाला विचारून नारळ ठेवला. सत्यनारायणाचा प्रसाद कोणी हातावर ठेवला तर तिथे तमाशा करू नका, नमस्कार करून शेजारच्याला द्या.

आणि हे मुंबईत फार जपून बोलायचं. या शहरात मासे खाणाऱ्या मराठी माणसाला कित्येक सोसायट्यांत घर नाकारलं गेलंय, 'तुम्ही लोक घाण करता' असं तोंडावर ऐकवलं गेलंय. मला स्वतःला एका बिल्डिंगमधे ब्रोकरने आडनाव ऐकून परत पाठवलंय. व्हीगन होणं म्हणजे त्या माणसांच्या पंगतीत जाऊन बसणं नाही. तिथे तुपाची धार चालते, आणि त्या तुपामागे ते रेडकू आहे. जात, धर्म, आडनाव, कोणाचा कुठला सण, यांवरून एक शब्दही बोलू नका. कोंबडीच्या पायात बळ नाही हा एकच मुद्दा पुरेसा आहे, तो कोणालाही सांगता येतो.

१०. कपडे-चपला

जुनं फेकू नका. आईची पैठणी आहे ती नेसा, नवीन रेशमी घेऊ नका, रेशमासाठी कोशातले किडे उकळत्या पाण्यात टाकतात. पट्टा, पाकीट, चप्पल झिजली की पुढची कापडी किंवा रेक्झिनची घ्या.

११. रस्त्यात जनावराचे हाल दिसले तर

स्कूटरच्या हँडलला पायाने उलट्या बांधलेल्या दहा-पंधरा कोंबड्या, हे दृश्य रोजचं झालंय म्हणून ते कायदेशीर आहे असं नाही. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम ११ मधे वेदना होईल अशा रीतीने जनावर नेणं हा गुन्हा आहे. दंड मात्र पहिल्या वेळी १० ते ५० रुपये, एवढाच. तरीही तक्रार करा, गाडीचा नंबर, जागा, वेळ, फोटो घेऊन जवळच्या पोलीस स्टेशनला लेखी द्या आणि पोच घ्या, ११२ ला फोन करा. जनावरांबद्दल दया दाखवणं हे घटनेच्या कलम ५१-अ मधे नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय, हवालदाराने टाळाटाळ केली तर शांतपणे हे सांगा. गाडीवाल्याशी एकट्याने भांडू नका. जखमी जनावर असेल तर परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल सगळ्यांना माहीत आहे.

१२. पहिला रविवार असा काढा

शनिवारी रात्री काळे वाटाणे भिजत घाला, चिमूटभर सोडा नको, नुसतं पाणी. सकाळी वाटण आधी करा, घरभर त्याचा वास सुटू द्या, मग कोणी विचारणार नाही आज काय नाही म्हणून. वाटाणे कुकरला पाच-सहा शिट्ट्या, दोन बटाटे घाला, रस्सा जरा दाटच ठेवा, वर तेलाचा तवंग दिसला पाहिजे. वड्यांचं पीठ भिजवून झाकून ठेवा. नारळ खवून सोलकढी फ्रिजमधे, लसूण-मिरची ठेचून. एक वाजता वडे तळायला घ्या आणि दुसऱ्या तव्यावर सुरणाचे काप लावा. सुरण चिरायच्या आधी हाताला तेल लावा, आणि मसाला लावण्याआधी काप कोकमाच्या पाण्यात वीस मिनिटं तरी बुडवून ठेवा, नाहीतर पहिल्याच रविवारी सगळ्यांचा घसा खाजेल.